ओठ ताणला की दिसणारे दाणे

तीन वर्षांपूर्वी वरच्या सुळ्याशेजारचा एक दात भरून घेतला, तेव्हा भुलीच्या इंजेक्शनमुळे माझ्या वरच्या ओठाची उजवी बाजू दोन-तीन तास बधिर झाली होती. बधिर ओठ सुजून दुप्पट झाल्यासारखा वाटतो आणि तो खरोखर सुजला आहे की नाही, हे आरशात पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मी खिडकीजवळ आरसा धरला, ओठ चिमटीत पकडून ताणला आणि सूज राहिली बाजूला, मला भलतेच काहीतरी दिसले. ओठाचा लाल भाग संपून चेहऱ्याची त्वचा जिथे सुरू होते, त्या कडेला लागून टाचणीच्या टोकाएवढे फिकट पिवळे दाणे होते. पंधरा-वीस तरी असावेत. ओठ सोडला की ते जवळजवळ नाहीसे होत आणि ताणला की पुन्हा वर येत. बोट फिरवले तर किंचित खरखर जाणवे. पण ते दुखत नव्हते, खाजत नव्हते. गाल आतून उलटून पाहिला, तर तिथेही तसेच दाणे होते, ओठावरच्यांपेक्षा जरा मोठे आणि दाट.

त्या वेळी मी ४१ वर्षांची होते. इतकी वर्षे रोज दात घासताना हाच चेहरा पाहत आले होते, मग हे आजच कुठून उगवले, हा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न मी स्वतःलाही नीट विचारू शकले नाही, कारण तो हर्पीसचा होता. ओठ, पुरळ आणि हर्पीस हे तीन शब्द मनात एकमेकांना इतके चिकटून बसलेले असतात की पहिले दोन एकत्र आले की तिसरा आपोआप येतो, आणि त्याच्या मागोमाग शरम येते. वास्तविक ओठांवर उठणारा हर्पीस बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या मोठ्यांनी घेतलेल्या पाप्यांमधून मिळालेला असतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण रात्री अकरा वाजता, हातात आरसा असताना, इतका समजूतदार विचार मला सुचला नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत मी जे केले ते सांगताना आजही संकोच वाटतो. तरी सांगते, कारण माझ्यासारखे हेच करणारे अनेकजण असणार. प्रथम मी ओल्या खरखरीत टॉवेलने ओठ घासला. मग मऊ ब्रशने घासला. मग नखांनी दाबून पाहिले. एका दाण्यातून पांढरट, घट्ट, मेणासारखे काहीतरी कणभर बाहेर आले आणि मला विजय मिळाल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी तो दाणा जागच्या जागी होता आणि भोवतीचा ओठ मात्र लाल होऊन सुजला होता. शेवटी सुई तापवून एक दाणा टोचला. त्याची खपली पडायला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांत मला खरोखरच ओठावर जखम असलेली बाई म्हणून लोकांना तोंड द्यावे लागले. ज्या गोष्टीला कोणतेही लक्षण नव्हते तिला लक्षणे मी दिली.

त्यानंतर मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्या बाईंनी पाहायला अर्धा मिनिट घेतला आणि विचारायला दहा मिनिटे. दाणे कधीपासून आहेत, येतात-जातात की कायम असतात, उठण्यापूर्वी तिथे चुणचुण होते का, पाणी भरते का, खपली धरते का, रक्त येते का, संख्या वाढली का, कोणता एक दाणा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे का, तंबाखू किंवा धूम्रपान आहे का. सगळ्याची उत्तरे ऐकून झाल्यावर त्यांनी डर्मोस्कोप, म्हणजे सुमारे दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ओठावर टेकवून एकदा पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘या तुमच्या तैलग्रंथी आहेत. यांना फोर्डाइस स्पॉट्स म्हणतात. आणि ही जखम कसली आहे?’’

सुईचे कबूल केल्यावर त्या रागावल्या नाहीत. ‘‘ठिपका दिसतो कसा, ते मी बघते, पण तो वागतो कसा, ते तुम्हालाच माहीत असते. म्हणून एवढे प्रश्न विचारले,’’ एवढेच म्हणाल्या. त्या वाक्याचा मला पुढे फार उपयोग झाला आणि हा सगळा लेख खरे तर त्या वाक्याच्या भोवतीच फिरणार आहे.

आधी हे दाणे म्हणजे काय ते सांगते. आपल्या त्वचेत, तळहात आणि तळपाय सोडले तर जवळजवळ सर्वत्र, तैलग्रंथी असतात. त्यांच्यात तयार होणारे तेल, म्हणजे सीबम, बनते कसे हे वाचून मी थक्क झाले होते: ग्रंथीतली पेशी आपल्या पोटात तेल साठवत जाते, भरली की स्वतःच फुटते आणि ती फुटलेली पेशी म्हणजेच ते तेल. पेशीने तेल बाहेर सोडायचे आणि आपण मागे राहायचे, अशी इथे सोय नाही. एरवी ही ग्रंथी केसाच्या मुळाला बिलगलेली असते आणि तिचे तेल केसाच्या छिद्रातूनच वर येते. ओठाच्या लाल भागावर आणि गालाच्या आत केस नसतात. तरीही बहुसंख्य माणसांत काही तैलग्रंथी तिथे असतातच, आणि केसाचा आधार नसल्याने त्या थेट पृष्ठभागावर उघडतात किंवा नुसत्याच अस्तराखाली बसून राहतात. गर्भावस्थेत चेहऱ्याचे वेगवेगळे भाग जुळून तोंड तयार होते, तेव्हा बाहेरच्या त्वचेचा अंश आत ओढला गेल्याने त्या तिथे पोहोचतात, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

ओठाची त्वचा मुळात फार पातळ असते. ओठ लाल दिसतात तेच मुळी खालच्या रक्तवाहिन्या तिच्यातून दिसतात म्हणून. त्याच पातळ पडद्यातून ग्रंथीतले तेलही दिसते आणि म्हणून दाणा पिवळसर वाटतो. ओठ ताणला की पडदा आणखी पातळ होतो, रक्त क्षणभर बाजूला सरते आणि दाणे उठून दिसतात. माझे दाणे त्या दुपारी उगवले नव्हते; त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदाच चांगल्या उजेडात ओठ ताणून पाहिला होता, एवढेच.

प्रत्येक दाणा साधारण १ ते ३ मिलिमीटरचा असतो. या ग्रंथी जन्मापासून असतात असे मानतात, पण बालपणी त्या फारशा दिसत नाहीत. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरके वाढतात, सगळ्याच तैलग्रंथी मोठ्या होतात, त्यांच्याबरोबर याही होतात आणि मग त्या नजरेला पडू लागतात. पुरुषांत त्या स्त्रियांपेक्षा काहीशा अधिक आढळतात. प्रौढांपैकी ७० ते ८० टक्के लोकांत त्या असतात, हा आकडा पाहून मी प्रथम विश्वास ठेवला नाही. मग घरात चौकशी केली. माझ्या धाकट्या भावाने ‘‘तुझे काहीतरीच’’ म्हणत ओठ ताणून दाखवला आणि त्याच्या ओठावर माझ्यापेक्षा दुप्पट दाणे निघाले. तो ते कुतूहलाने पाच मिनिटे पाहत बसला आणि नंतर विसरून गेला. मला विसरायला तीन आठवडे आणि एक सुई लागली, हा स्वभावाचा फरक आहे, ओठांचा नाही.

जी गोष्ट दहापैकी सात-आठ माणसांत असते, तिला रोगाचे नाव मिळाले कसे? जॉन अ‍ॅडिसन फोर्डाइस हे न्यूयॉर्कमध्ये काम करणारे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांनी १८९६ मध्ये ओठ आणि तोंडाच्या आतल्या या दाण्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांना श्लेष्मल त्वचेचा, म्हणजे तोंडाच्या आतल्या ओलसर अस्तराचा, एक विलक्षण विकार मानले. त्यांच्या आधी ३५ वर्षे, १८६१ मध्ये, अल्बर्ट फॉन क्योलिकर या शरीररचनाशास्त्रज्ञाने ओठांतल्या या तैलग्रंथींची नोंद केलेली होती. पण ती नोंद रचनेची होती, आजाराची नव्हती. नाव राहिले ते आजार मानणाऱ्याचे. आजही काही ठिकाणी ‘फोर्डाइस डिसीज’ असा शब्द छापलेला सापडतो आणि रात्री अकरा वाजता आरसा घेऊन बसलेल्या माणसाच्या दृष्टीने त्यातला दुसरा शब्दच मोठ्या अक्षरांत असतो.

इथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच १८९६ साली, त्याच न्यूयॉर्क शहरात, हेन्री कॉपलिक या बालरोगतज्ज्ञाने गालाच्या आत दिसणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या ठिपक्यांचे वर्णन केले. लाल पार्श्वभूमीवर मिठाच्या कणांसारखे निळसर पांढरे ठिपके. ते दिसले की एक-दोन दिवसांत मुलाच्या अंगावर गोवर उठणार हे ओळखता येते. फोर्डाइस आणि कॉपलिक दोघांचाही जन्म १८५८ सालचा. दोघांनी एकाच वर्षी, एकाच शहरात, माणसाच्या गालाच्या आत डोकावून पाहिले. एकाला पुढे येणाऱ्या संसर्गाची चाहूल सापडली आणि दुसऱ्याला काहीच न होणारी गोष्ट. दिसायला दोन्ही ‘गालातले बारीक ठिपके’च. पण कॉपलिकचे ठिपके तापाबरोबर येतात, दोन-तीन दिवसांत मावळतात आणि पुढचे सांगून जातात. फोर्डाइसचे दाणे वर्षानुवर्षे तिथेच असतात. आमच्या डॉक्टरबाई ‘वागतो कसा’ म्हणाल्या ते हेच.

हर्पीसची भीतीही याच कसोटीवर तपासता येते. ओठांवरच्या हर्पीसमध्ये आधी चुणचुण किंवा आग होते, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा एक पुंजका उठतो, तो फुटतो, खपली धरतो आणि साधारण आठवड्या-दहा दिवसांत बरा होतो. पुन्हा कधी ताप आला, ऊन लागले किंवा मनावर ताण आला, तर पुष्कळदा तिथेच पुन्हा उठतो. म्हणजे त्याला सुरुवात असते, मध्य असतो आणि शेवट असतो. फोर्डाइस दाण्यांना यातले काहीच नसते. ते पाण्याने भरत नाहीत, फुटत नाहीत, खपली धरत नाहीत, एकापासून दुसऱ्याला लागत नाहीत आणि त्यांचा कर्करोग होत नाही. तोंडातल्या बुरशीचा पांढरा थर पुसला की बऱ्याच वेळा निघून येतो आणि खाली लाल जागा दिसते. हे दाणे पुसून निघत नाहीत. उलट, पुसून न निघणारा पांढरा सपाट चट्टा, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या तोंडातला, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात, काही चट्ट्यांत पुढे कर्करोग होऊ शकतो आणि म्हणून तो ताबडतोब दाखवला पाहिजे. सुटे सुटे पिवळे दाणे आणि एकसंध पांढरा चट्टा यांतला फरक शब्दांत सांगायला सोपा आहे. पण गालात दाट जमलेले दाणे कधीकधी पट्ट्यासारखे दिसतात, तेव्हा तो फरक डॉक्टरांनीच करावा.

उपचारांविषयी थोडक्यात लिहिते, कारण लिहिण्यासारखे फार नाही. गरज नसते. केवळ दिसण्याचा त्रास होत असेल, तर कार्बन डायऑक्साइड लेसर किंवा विद्युतदाहाने दाणे काढता येतात. त्यात व्रण राहण्याचा किंवा त्वचेचा रंग बदलण्याचा धोका असतो. ट्रेटिनॉइन किंवा आम्लाचे लेप काहींना लावले जातात, तेही तज्ज्ञाच्या हातून. मुरमांसाठी पोटात घेतात त्या आयसोट्रेटिनॉइनने दाणे कमी दिसू लागल्याची उदाहरणे आहेत. पण औषध थांबवल्यावर ते परत येऊ शकतात आणि हे औषध गर्भाला इतके घातक आहे की गर्भवतीने ते घेऊच नये आणि गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जवळही ठेवू नये. मी डॉक्टरबाईंना लेसरबद्दल विचारले होते. ‘‘तुमच्यापासून किती अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला हे दिसतात?’’ असे त्यांनी विचारले. मी बराच वेळ विचार केला आणि ‘‘ओठ ताणल्याशिवाय कोणालाच नाही,’’ असे उत्तर दिले. तो विषय तिथेच संपला. ज्यांचे दाणे न ताणताही दिसतात त्यांचा निर्णय वेगळा असू शकतो, आणि त्यांना मी ‘एवढ्याशा गोष्टीचे काय’ असे म्हणणार नाही. चेहरा त्यांचा आहे.

दाबून काही साधत नाही, हे मात्र पुन्हा सांगते. मुरमात तेल अडकलेले असते, ते निघाले की मुरूम बसतो. इथे अडकलेले काही नाही. दाणा म्हणजे ती ग्रंथीच. तिच्यातले तेल पिळून काढले तरी ती पुन्हा तेल बनवणारच, कारण तेच तिचे काम आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याचा एक संदेश आला. तो तेव्हा १६ वर्षांचा होता. त्याची परवानगी घेऊन लिहिते आहे. माझ्या ओठाची आणि सुईची कथा घरात विनोद म्हणून सांगितली जात असे, ती त्याने ऐकलेली होती. त्याने लिहिले होते, ‘‘मावशी, तुझ्या ओठावर आहे ते माणसाला दुसरीकडे कुठे होतं का?’’ मी तो संदेश दोनदा वाचला. मग लिहिले, ‘‘होतं. नको तिथेही होतं आणि तिथेही ते तितकंच निरुपद्रवी असतं. तू तुझ्या बाबांबरोबर डॉक्टरांकडे जा. मी बाबांना काय सांगू तेवढं सांग.’’ पुष्कळ वेळाने उत्तर आले, ‘‘तू काही सांगू नकोस. मीच सांगतो.’’ आणि त्याने खरोखर सांगितले.

जननेंद्रियांच्या त्वचेवर, पुरुषांत आणि स्त्रियांतही, याच तैलग्रंथी अगदी अशाच पिवळसर दाण्यांच्या रूपात असतात. वयात येताना त्या ठळक होतात, म्हणजे नेमक्या त्या वयात जेव्हा मूल स्वतःच्या शरीराकडे सर्वांत जास्त पाहते आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलते. त्याशिवाय बऱ्याच पुरुषांत शिश्नमुंडाच्या कडेभोवती मोत्यासारख्या बारीक उंचवट्यांची एक किंवा दोन ओळींची माळ असते. तिचाही लैंगिक संबंधांशी, अस्वच्छतेशी किंवा हस्तमैथुनाशी काही संबंध नाही. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळात दिसणारे उंचवटे हेसुद्धा मुख्यतः तैलग्रंथींचेच. आयर्लंडमधले प्रसूतितज्ज्ञ विल्यम माँटगोमेरी यांचे नाव त्यांना मिळाले आहे आणि गरोदरपणात ते मोठे होतात. पापणीच्या कडेला असणाऱ्या मायबोमियन ग्रंथी हीदेखील केसाशी न जोडलेल्या तैलग्रंथींचीच एक जात, आणि त्यांचे तेल डोळ्यांतले पाणी लवकर सुकू देत नाही. म्हणजे केसाविना राहणारी तैलग्रंथी हा काही चुकून घडलेला अपवाद नव्हे. शरीर तिला अनेक ठिकाणी बाळगते. काही ठिकाणी कामाला लावते आणि ओठावर नुसती बसू देते.

अर्थात, त्या भागावर नव्याने उठलेली प्रत्येक गोष्ट फोर्डाइस दाणा समजून सोडून देणे तितकेच चूक. विषाणूमुळे होणारे चामखीळ वाढत जातात, खडबडीत होतात, एकाचे अनेक होतात. मोलस्कम नावाच्या संसर्गात गुळगुळीत मोत्यासारखे दाणे येतात आणि त्यांच्या मध्यभागी बेंबीसारखा खळगा असतो. लैंगिक संबंधांनंतर काही नवीन दिसले असेल, तर चित्रे जुळवत बसण्यापेक्षा तपासणी करून घेणे कमी त्रासाचे.

ओठापासून सुरू झालेले माझे हे पाहणे पुढे सगळ्या अंगावर पसरले. चाळिशीनंतर माझ्या पोटावर आणि दंडावर टाचणीच्या डोक्याएवढे लालबुंद ठिपके दिसू लागले. त्यांना चेरी अँजिओमा म्हणतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांची ती गाठोडी असतात आणि वयाबरोबर ती बहुतेकांच्या अंगावर वाढतात. कॅम्बेल डी मॉर्गन (१८११ ते १८७६) या इंग्रज शल्यचिकित्सकाने त्यांचा कर्करोगाशी संबंध असावा असे मानले होते. कर्करोगाचे रुग्ण वयस्क असत आणि वयस्कांच्या अंगावर हे ठिपके असतातच. पुढे तो संबंध टिकला नाही, ‘डी मॉर्गन स्पॉट्स’ हे नाव मात्र टिकले. फोर्डाइससारखेच.

नडगीवर आणि हातांच्या बाहेरच्या बाजूला पावसाचे थेंब पडावेत तसे २ ते ५ मिलिमीटरचे पांढरे ठिपके चाळिशीनंतर पुष्कळांना येतात आणि कोड आले या धास्तीने माणसे रात्रीची झोप घालवतात. हे ठिपके कोडाप्रमाणे पसरून एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येक थेंब आपापल्या जागी राहतो. वय आणि ऊन यांच्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. माझ्या मोठ्या बहिणीच्या पायांवर ते आहेत आणि ‘‘मोजून ठेव, वाढले तर सांग,’’ असे मी तिला म्हटले, तेव्हा तिने मला वेड्यात काढले. तीन महिन्यांनी मात्र तिने आकडा बरोबर सांगितला.

डोळ्यांखाली दिसणारे पांढरे कठीण कण, म्हणजे मिलिया, हे तेलाचे नसून केराटिन या त्वचेतल्या कठीण प्रथिनाचे असतात. नवजात बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या चेहऱ्यावर ते असतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांच्या गालांवर आणि डोळ्यांभोवती वयाबरोबर येणारे बारीक काळे उंचवटे हेही निरुपद्रवीच. त्यांना आपण सर्रास चामखीळ म्हणतो. मानेवर लोंबणाऱ्या मऊ त्वचेच्या बोंडालाही चामखीळच म्हणतो आणि विषाणूने होणाऱ्या खडबडीत गाठीलाही चामखीळच. यांपैकी फक्त शेवटची गोष्ट एकाची दुसऱ्याला लागू शकते. भाषेत एकच शब्द असल्यामुळे उरलेल्या दोन्हींवर संसर्गाचा आळ येतो, आणि मानेवर साधे बोंड असलेल्या माणसाचा टॉवेल घरात वेगळा ठेवला जातो.

ओठावरच्या काळ्या-तपकिरी ठिपक्यांचे काय, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. खालच्या ओठावर एकच सपाट, एकसारख्या रंगाचा, काही मिलिमीटरचा तपकिरी ठिपका असेल, तर तो बहुधा मेलॅनिन या रंगद्रव्याचा साधा साठा असतो. उन्हात तो चेहऱ्यावरच्या वांगाप्रमाणे गडद होत नाही. उतारवयात ओठावर मऊ, निळसर जांभळा उंचवटा दिसतो, तो फुगलेल्या शिरेचा. काचेने दाबला की रिकामा होतो आणि सोडला की भरतो. पण लहान मुलाच्या ओठांवर आणि गालांच्या आत असे अनेक गडद ठिपके असतील, तर ते डॉक्टरांना दाखवावेच, कारण प्यूट्झ-जेगर्स नावाच्या आनुवंशिक विकारात आतड्यांत गाठी होतात आणि बाहेरून दिसणारी खूण म्हणजे केवळ हे ठिपके असू शकतात. मोठेपणी ओठांवरचे ठिपके फिके पडत जातात. आतड्यांतले प्रश्न तसे फिके पडत नाहीत.

ठिपक्याच्या वागण्यातले काय खटकले पाहिजे, तेही सांगते. ओठावरची किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही. ठिपक्याच्या जागी कडकपणा हाताला लागू लागला. विनाकारण रक्त येऊ लागले. खालच्या ओठाची कड सतत सोलवटते आणि तिची रेषा पुसट होत चालली, विशेषतः वर्षानुवर्षे उन्हात काम करणाऱ्याची. तिळाचे दोन भाग एकसारखे राहिले नाहीत, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसू लागले, आकार ६ मिलिमीटरच्या पुढे गेला किंवा काही महिन्यांत तो बदलत गेला. यांतला बदल हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आणि बदल ओळखायचा तर आधी काय होते ते कुठेतरी लिहिलेले पाहिजे. आठवणीवर विसंबून चालत नाही, हे मी ओठ ताणून पाहिला त्या दुपारीच शिकले, कारण आदल्या दिवशी माझा ओठ कसा होता हे मला अजिबात सांगता आले नव्हते.

म्हणून माझ्या खालच्या ओठावर डाव्या बाजूला जो तपकिरी ठिपका आहे, त्याची मी नोंद ठेवते. डॉक्टरबाईंनी तो पाहिला आहे आणि साधा आहे असे सांगितले आहे, तरीही दर चार महिन्यांनी, त्याच खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून मी त्याचे छायाचित्र घेते आणि खाली तारीख लिहिते. त्याच छायाचित्रात वरच्या ओठावरचे दाणेही येतात आणि सुईने टोचलेल्या दाण्याच्या जागी राहिलेला पांढुरका व्रणही येतो. आतापर्यंत आठ छायाचित्रे झाली आहेत. आठव्यातही ठिपका ३ मिलिमीटरचाच आहे.